बेनेमामाचं इंग्रजी

आमच्या ह्यांना इंग्रजी येतं की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला धड सांगता येणार नाही. म्हणजे येतं. पण कोणतं येतं, आणि जे येतं ते कोणाचं, असं विचारलंत तर मी हात जोडते. त्या इंग्रजीपायी आमच्या घरात जेवढा गोंधळ झालाय तेवढा पाहुण्यारावळ्यांनीसुद्धा कधी घातला नाही.

हे टाइल्सच्या कारखान्यात फिटर. आमचं लग्न झालं तेव्हा कारखाना लहान होता. मग मालकाच्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, त्याने थेट इटलीहून नवी भट्टी मागवली. लांबलचक, बुटकी. कच्ची टाइल एका तोंडातून आत शिरते, फिरत्या रोलरवरून सरकत सरकत भाजते आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. ती खोक्याखोक्यांतून आली, आणि तिला जोडून उभी करून द्यायला तिच्याबरोबर एक माणूसही आला.

माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, चष्मा सदानकदा हरवलेला. त्याचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना. तो मात्र ऊठसूट ‘बेने, बेने’ म्हणायचा. भट्टीतून टाइल बाहेर आली की तिच्यावर बोटाच्या पेराने टक टक करायचा, कान लावायचा, आणि आवाज खणखणीत आला की ‘बेने’. म्हणजे छान. कामगारांनी त्याचा बेनेमामा करून टाकला आणि त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढे तो स्वतःच फोनवर ‘मामा बोलतोय’ असं सांगायला लागला.

आता मजा ऐका. मामा गोरा, परदेशी, आणि सगळ्यांशी इंग्रजीत बोलायचा. तेव्हा इंग्रजी ही त्याच्या आईची भाषा असणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलं. कोणी विचारलंच नाही. इटली हा वेगळा देश आणि त्यांची बोली वेगळी, हे शाळेत भूगोलात आम्हीही घोकलं होतं. पण पुस्तकातली इटली आणि भट्टीपाशी घाम पुसत उभा असलेला मामा यांची गाठ कोणाच्याच डोक्यात पडली नाही. मी ह्यांनाच कशाला नावं ठेवू, मालकाच्याही पडली नाही.

ह्यांना दहावीला इंग्रजीत बरे मार्क होते, म्हणून ह्यांना मामाच्या हाताखाली दिलं. झालं. दिवसभर हे दोघं भट्टीच्या कडेकडेने फिरायचे आणि इंग्रजीत बोलायचे. खरं सांगायचं तर दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. मामाने ते कुठे कुठे कामाला जाऊन, या देशात दोन शब्द, त्या देशात चार शब्द, असं गोळा केलेलं. ह्यांनी त्याच्या तोंडून जसंच्या तसं उचललं. प्रत्येक शब्दाला शेवटी एक ‘अ’ची शेपटी. ‘वेट-अ’, ‘स्टॉप-अ’, ‘गुड-अ’. ‘हॅमर’मधला ह गायब, ‘अ‍ॅमर्र-अ’. र असा घोळवायचा की दाराला कडी खडखडावी. आणि अख्खं वाक्य वर चढून खाली उतरायचं. साधं ‘स्क्रू दे’ म्हटलं तरी गाणं म्हटल्यासारखं.

आणि हात. मामाचे हात शब्दांच्या आधी बोलायचे. पाची बोटं एकत्र करून हनुवटीपाशी हलवली की ‘हे काय चाललंय?’, तळवे वर उडवले की ‘आता देवच जाणे’. ह्यांनी हातही उचलले. माझा नवरा, जो लग्नात फोटो काढताना हात कुठे ठेवायचे ते न कळून दोन्ही खिशात घालून उभा होता, तो घरात येऊन मला दोन्ही हात नाचवत पाणी मागायला लागला. मला कळेना, माणूस सुधारलाय की बिघडलाय.

गेस्ट हाउसचं जेवण मामाला सोसेना, म्हणून तो आमच्याकडेच जेवायला यायचा. स्वयंपाकघरात पाटावर बसायचा. आमची लेक तेव्हा रांगत होती. तिला मांडीवर घेऊन तो तासभर काहीबाही सांगायचा. चष्मा मुद्दाम दडवायचा आणि विचारायचा, माझा चष्मा कोणी खाल्ला, दाराने खाल्ला का, मांजराने खाल्ला का? लेक खदखदून हसायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. ‘सीट-अ, सीट-अ, ईट-अ’ असं मी त्याला वाढताना म्हणायचे आणि तो छातीवर हात ठेवून मान लववायचा. मला वाटायचं, वा, आपणही इंग्रजी बोलतो.

भट्टी चालू झाली, स्थिरावली, आणि मामा परत निघाला. स्टेशनवर हे रडले. तोही रडला, पण त्याचं रडणंही हातवारे करत. जाताना तो ह्यांना म्हणाला, ‘तू माझ्यासारखाच बोलतोस. मी चाललो, पण माझा आवाज इथे ठेवून चाललो.’ हे मला ह्यांनी नंतर मराठीत सांगितलं. मग दर नव्या वर्षाला त्याचा फोन यायचा. दोघं एकमेकांच्या कानात ओरडायचे. मामा फोन आपल्या घरच्यांना द्यायचा आणि म्हणायचा, ऐका, मी तिकडेही आहे. घरचे सगळे हसायचे, ते आम्हाला इकडे ऐकू यायचं.

पुढे लेक शाळेत गेली आणि आमचं पितळ उघडं पडलं. बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ‘घरी इंग्रजी कोण शिकवतं हिला?’ मी ताठ मानेने सांगितलं, ‘तिचे वडील. खुद्द परदेशी माणसाकडून शिकलेत.’ बाईंनी विचारलं, ‘कुठल्या देशाचा?’ मी म्हटलं, ‘इटली.’ बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मग रुमाल काढून त्यांनी मला सगळं नीट समजावलं आणि लेकीला कविता म्हणायला लावली. पोरीने दोन्ही हात उडवत, सगळ्या शब्दांना शेपट्या लावत ती म्हटली. वर्ग हसला. लेकीलाही वाटलं छान झालं, तीही हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, ‘अहो, तुम्ही बोलता ते इंग्रजी आहे का?’

‘मग काय आहे?’

‘बाई म्हणतात ते इटलीचं आहे.’

‘मामाचं आहे,’ हे म्हणाले. ‘मामा इटलीचा. मग त्याचं इंग्रजी इटलीचं नाहीतर कुठलं असणार?’

यात काय चुकलं ते मला सांगता येईना. बाईंचंही बरोबर वाटत होतं आणि ह्यांचंही. मी भाजी चिरायला घेतली.

हे तेवढ्यावर निभावलं असतं. पण कारखाना वाढला, नवा मॅनेजर आला. ह्यांना शिफ्ट इन्चार्ज करायचं ठरलं. इन्चार्जने बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकांना भट्टी दाखवायची, त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं. मॅनेजरने ह्यांचं इंग्रजी एकदा ऐकलं आणि सरळ सांगितलं, आधी हे नीट करा. म्हणून हे कामावरून आले की इंग्रजी बोलायच्या क्लासला जायला लागले. एवढा बाप्या माणूस कॉलेजच्या पोरांमध्ये बाकावर.

क्लासचे मास्तर कडक. शेपट्या छाटल्या, ह जागेवर बसवला, र सपाट केला. पण ह्यांचे हात वर उठले की शेपट्या पुन्हा फुटायच्या. शेवटी मास्तरांनी उपाय काढला. म्हणाले, ‘हात मांडीखाली घालून बसा. हात काढले की बोलणं बंद.’ घरीही तेच. खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून हे भिंतीकडे बघत वाक्यं म्हणायचे. बघून माझा जीव कासावीस व्हायचा. अहो, चहा गार झाला तरी उचलता यायचा नाही, कारण वाक्य चालू असायचं.

शिकले मात्र. पक्कं शिकले. इन्चार्ज झाले. गिऱ्हाइकं यायची, हे हात मागे बांधून भट्टीच्या कडेने चालायचे आणि सरळ सपाट इंग्रजीत माहिती द्यायचे. सगळे म्हणाले, आता कसं साहेबासारखं वाटतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरात बोलणं कमी झालं. मराठीसुद्धा. मांडीखाली गेलेले हात पुन्हा नीट बाहेर आलेच नाहीत म्हणा ना.

त्या वर्षी मामाचा फोन आला. हे बोलले, आणि तिकडून मामाने विचारलं, ‘कोण बोलतंय?’ ह्यांनी नाव सांगितलं. मामाने पुन्हा विचारलं, ‘कोण?’ त्याला वाटलं फोन चुकीच्या घरी लागला. ओळख पटली, पण मग त्याने फोन घरच्यांना दिला नाही. पुढच्या वर्षांत बोलणं हवापाण्यावर आलं, नंतर तेही आटलं. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी ओळखायचे, पण करणार काय?

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, नोकरीला लागली. आणि एके दिवशी मामाच्या मुलीचा फोन आला. इतक्या भरभर बोलत होती की ह्यांनी फोन आमच्या लेकीच्या हातात दिला. लेक ऐकत गेली आणि एकेक वाक्य आम्हाला मराठीत सांगत गेली. ती सांगत होती ते कळत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले.

मामाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. समूळ. आता बोलायचं तर गळ्याला एक यंत्र लावायचं, त्यातून घरघर आवाज येतो, सगळ्यांचा सारखाच. मामा हल्ली मुलीकडेच राहायचा. मुलगी लग्न करून दुसऱ्या देशात गेलेली, तिथे सगळा इंग्रजीचा कारभार, नात इंग्रजीच बोलणारी. आजोबा तिच्याशी बोलायचा ते त्याच्या त्या इंग्रजीत. नातीला आजोबाचं तेच माहीत. आता ते यंत्र गुरगुरलं की पोर किंचाळून पळायची. दाराआड लपून विचारायची, आजोबा कुठे गेला आणि त्याच्या खुर्चीत हा कोण बसलाय? कितीही समजावलं तरी पटायचं नाही. आवाज नाही म्हणजे आजोबा नाही. मामाने यंत्र खणात टाकून दिलं आणि आता तो खोलीतून बाहेरच येत नव्हता. जेवणही दाराशी ठेवायला लागायचं.

‘आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच साठवलेला नाही,’ मुलगी म्हणाली. ‘आम्ही कधी विचारच केला नाही. पण पप्पा म्हणायचे, माझा आवाज तिकडे एका माणसाकडे आहे. तो अजून आहे का?’

आमच्या लेकीने हे मराठीत सांगितलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

मुलीचं म्हणणं साधं होतं. मामा आपल्या फोनवर लिहील, ते इकडे आमच्या लेकीच्या मोबाइलवर येईल, आणि हे ते बोलून दाखवतील. नातीला आजोबाचे शब्द आजोबाच्या आवाजात ऐकू येतील. ह्यांनी तिथल्या तिथे एकदा बोलून बघितलं. अगदी नम्रपणे, शुद्ध, मास्तरांनी शिकवलं तसं.  मग तिकडून एक बारीक आवाज आला, ‘नो.’ आणि पावलं पळाली.

ह्यांनी फोन ठेवला. चेहरा पार उतरला. म्हणाले, ‘गेलं ते. माझ्याकडे नाही आता.’

मुलीने सांगितलं होतं, रविवारी पुन्हा फोन करते. मग आमच्या घरात उलटा क्लास सुरू झाला. माणूस इंग्रजी सुधारायला शिकतो, हे बिघडवायला बसले. पण शिकवणार कोण? मास्तरांना विचारायची सोय नव्हती, त्यांना चक्करच आली असती. शेवटी मीच म्हटलं, ‘माझ्याकडे आहे थोडं.’

हे माझ्याकडे बघतच राहिले. खरंच होतं. मी कुठल्या क्लासला गेले नव्हते, माझं कोणी छाटलं नव्हतं. मामा पाटावर बसून जे जे बोलायचा ते माझ्या कानात तसंच पडून होतं. अर्थ विचाराल तर ओ की ठो कळत नाही, पण चाल पक्की. मी म्हटलं, ‘म्हणा. सीट-अ, सीट-अ, ईट-अ.’

‘सिट. सिट. ईट,’ हे म्हणाले.

‘शेपटी कुठंय?’

‘सिट... अ.’

‘ती चिकटवून लावायची. तुम्ही मागाहून आणून ठेवताय.’

लेक हसून हसून आडवी झाली. ह्यांना राग आला. पण बसले पुन्हा. इतक्या कष्टाने जागेवर आणलेला ह आता टाकून द्यायचा म्हणजे काय सोपं काम? कधी टाकायचा तो राहायचा, आणि ठेवायचा तो निसटायचा. कारखान्यात गिऱ्हाइकासमोर भट्टी दाखवता दाखवता तोंडातून अर्धं हे अर्धं ते असं काहीतरी बाहेर पडलं, आणि मॅनेजर बघतच राहिला. घरी येऊन हे डोकं धरून बसले. म्हणाले, ‘एक शिकलो, ते चूक निघालं. दुसरं शिकलो, त्याने तोंडाला कुलूप लागलं. आता पुन्हा पहिलं. यातलं माझं कुठलं?’

मला काय माहीत? मी म्हटलं, ‘आधी जेवा.’

रविवारी सकाळी मात्र ह्यांनी हातच वर केले. म्हणाले, मी नाही बोलणार. ही फसवणूक आहे. तो माणूस तिथे जिवंत बसलाय आणि मी इथून त्याच्या तोंडाने बोलायचं? उद्या पोरीला कळलं तर ती आजोबाला काय म्हणेल?

खरं सांगू, मलाही आठवडाभर तेच वाटत होतं. हे बरोबर की चूक, माझं मलाच उमगत नव्हतं. पण ह्यांनी तोंड फिरवलं आणि माझं डोकंच फिरलं. डोळ्यांसमोर तो दाराशी ठेवलेल्या ताटाचा मामा येत होता, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लेकीला हसवणारा.

मी म्हटलं, ‘शब्द कोणाचे असणार?’

‘त्याचे. तो लिहून देणार.’

‘आणि आवाज कोणाचा?’

‘तेच तर म्हणतोय.’

‘तेच मीही म्हणतेय. आवाज तुम्ही कुठून आणला होता? आईच्या घरून घेऊन आला होतात का? त्याने स्टेशनवर तुम्हाला सांगितलं ना, ठेवून चाललोय म्हणून? ठेवायला दिलेली वस्तू माणूस मागायला आलाय. द्यायची की नाही द्यायची, एवढं सांगा.’

ह्यांनी उठून तोंड धुतलं आणि खुर्चीत येऊन बसले.

फोन आला. ह्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो एका हातात धरला. आमची लेक समोर आपला मोबाइल घेऊन बसली. तिकडे मुलीनेही फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, आणि नात दाराआड आहे असं ती हलकेच म्हणाली. मग टेबलावर पेराने टक टक असा आवाज झाला. ह्यांनी डोळे मिटले. मामा खोलीतून बाहेर येऊन बसला होता.

लेकीच्या मोबाइलवर पहिली ओळ आली. तिने वाचून दाखवली. ‘माझा चष्मा कोणी खाल्ला?’

आमची लेक हे वाचता वाचता अडखळली. तिला ते आठवणं शक्य नव्हतं, ती रांगत होती तेव्हा. पण मी तिला इतक्या वेळा सांगितलंय.

ह्यांनी ते इंग्रजीत म्हटलं. शेपट्या लावल्या, ह टाकला, र घोळवला. सगळं आठवडाभर घोटलेलं. आणि तरी ते मेलेलंच वाटलं. तिकडून पोरीचा आवाज आला, ‘हू इज इट?’ एवढं इंग्रजी मलाही कळतं. कोण आहे, असं विचारत होती. त्या वर्षी मामाने फोनवर विचारलं होतं तसंच.

 मी ह्यांच्याकडे बघितलं. एका हातात फोन, आणि दुसरा हात मांडीखाली. सवयीने. त्यांना पत्ताही नव्हता.

मी उठले, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. म्हटलं, ‘हात सोडा.’

‘काय?’

‘हात. बाहेर काढा दोन्ही आणि बोला.’

त्यांनी मांडीखालचा हात काढला. दोन्ही हातांकडे क्षणभर बघितलं. मग पाची बोटं एकत्र आली, हनुवटीपाशी गेली, हलली. आणि तोंड उघडलं.

‘बट-अ हू,’ हे म्हणाले, ‘हू ईट-अ माय ग्लास्सेस? द डोर्र-अ? द डोर्र-अ ईट-अ माय ग्लास्सेस? नो! द कॅट-अ!’

 मी फोन धरून उभी आणि माझ्यासमोर मामा बसलेला. आवाज वर चढला, खाली उतरला, हात छताला लागले.  मग दाराआडून एक खुदकन हसू आलं. बारीक, दाबलेलं. आणि लगेच पोरगी भरभर काहीतरी बोलली. लेक माझ्या कानात पुटपुटली, ‘ती म्हणतेय, मांजराने नाही खाल्ला, तुझ्या डोक्यावर आहे.’

मोबाइलवर ओळी येत गेल्या, लेक वाचत गेली, हे बोलत गेले. इतके दिवस कुठे होतीस? सूप गार झालं. मला एकट्याला जेवायला आवडत नाही. प्रत्येक ओळीला हात वेगळे. मग फोनमध्ये खसखस झाली, काहीतरी घासल्यासारखं, आणि एकदम जवळून श्वास ऐकू यायला लागला. जड, लांब श्वास. आम्हाला वाटलं फोन पडला.

‘बाबा,’ लेक हळूच म्हणाली, ‘मेसेज येणं थांबलं.’

हे थांबले नाहीत. स्वतःच्या मनाने बोलायला लागले. त्याच आवाजात, त्याच हातांनी. भट्टीचं सांगितलं, खोक्यांतून ती कशी आली, एका बाईने पाटावर बसवून कसं जेवायला घातलं. आता ते कोण बोलत होतं, हे की मामा, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. फोन बंद झाला तेव्हा ह्यांचे हात हवेतच होते.

जरा वेळाने मामाच्या मुलीने पुन्हा फोन केला. रडत होती, त्यामुळे आमच्या लेकीलाही नीट कळेना, दोनदा विचारावं लागलं. पोरगी दाराआडून आली होती. टेबलावरचा फोन तिने उचलला, आजोबाच्या मांडीवर चढली, आणि तो फोन त्याच्या गळ्याला लावून धरला. जिथून आवाज यायचा तिथे. मामा नुसते ओठ हलवत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

‘मग लिहायचे का थांबले?’ ह्यांनी विचारलं.

लेकीने विचारलं. तिकडून उत्तर आलं, एका हाताने त्यांनी पोरीला धरलं होतं आणि दुसरा हात तुमच्या बोलण्याबरोबर हलत होता.

माझा दंड भरून आला होता. एवढा वेळ फोन धरून उभी होते आणि हात बदलायचं लक्षातच आलं नव्हतं. हे उठले, मला खुर्चीत बसवलं, आणि दोन्ही हात नाचवत म्हणाले, ‘सीट-अ, सीट-अ.’